मळीचा वास, गव्हाची मूठ

चलथाण जवळ आलं की मळीचा वास बसच्या खिडक्यांतून आत शिरतो आणि माझे बारावीचे विद्यार्थी नाकाला रुमाल लावतात. मी लावत नाही. मी तो वास पोटभर घेते. जास्त शिजून करपलेल्या गुळासारखा, जड, आंबूस, घशात बसणारा. दर हिवाळ्यात मी मुलांना बारडोलीच्या बाजूच्या एका साखर कारखान्याची डिस्टिलरी दाखवायला नेते. इथेनॉल कसं तयार होतं ते पुस्तकात एका पानावर उरकलेलं आहे, म्हणून प्रत्यक्ष दाखवलेलं बरं, असं मी मुख्याध्यापकांना सांगते. ते खरंही आहे. पण रसायनशास्त्र मी आवडीने शिकले नाही. मी ते सुडाने शिकले, आणि हे लिहायला मला लाज वाटत नाही.

डिस्टिलरीत शिरलं की आधी मोठमोठ्या टाक्या लागतात. साखर काढून झाल्यावर उसाच्या रसातून जे काळं, चिकट उरतं ती मळी. तिच्यात पाणी घालून पातळ करतात आणि यीस्ट सोडतात. मग कुणी काही करायचं नसतं. टाकीवर कान लावला की आतून बारीक फसफस ऐकू येते, आणि वर पिवळट फेस चढत जातो. यीस्ट साखर खातं, कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि अल्कोहोल बनवतं. बनवत बनवत अल्कोहोल इतकं वाढतं की त्यातच ते मरतं. हे सांगितलं की मुलं हसतात. मग पुढे ते आंबलेलं पाणी उंच स्तंभात चढवून तापवायचं. इथेनॉल अठ्ठ्याहत्तर अंशांना वाफ होऊन वर जातं, पाणी खाली राहतं. वर गेलेली वाफ थंड केली की पाण्यासारखं स्वच्छ, काहीच न बोलणारं द्रव हाती येतं.

"मॅडम, मिथेनॉल पण असंच दिसतं का?" एक तरी मुलगा विचारतोच.

असंच दिसतं. वासही जवळपास तसाच. मिथेनॉलमध्ये एक कार्बन, इथेनॉलमध्ये दोन, पुढे प्रोपेनॉल, ब्युटेनॉल. फळ्यावर मी लिहिते, समजातीय श्रेणी, आणि म्हणते, म्हणजे भाऊकी समजा. सगळ्यांचं आडनाव एक, चेहरेपट्टी एक. घरात कुणाला घ्यायचं ते चेहऱ्यावरून ठरवू नका.

आमची भाऊकी शिरपूरकडची. नव्वदच्या दशकात आम्ही सुरतेत कतारगामच्या मागच्या बाजूला एका ओळीतल्या खोलीत राहत होतो. पुढे हिरे घासायच्या चाकांची, घंट्यांची घरघर, मागे लूमची खटखट. ती खटखट वीज गेल्यावर थांबे आणि सगळी गल्ली एकदम बहिरी झाल्यासारखी वाटे. बायका दारात येऊन विनाकारण मोठ्याने बोलायला लागत. गटाराचं पाणी मिलमध्ये रंग कुठला चालू आहे त्याप्रमाणे येई, आज गुलाबी, उद्या मोरपंखी. आम्ही पोरी त्यावरून पुढच्या दिवाळीला बाजारात कुठली साडी येणार याच्या पैजा लावायचो. हिवाळ्यात पोंकाच्या हातगाडीवर भाजलेल्या कोवळ्या ज्वारीचा वास, आणि त्या सगळ्यावर बारीक रुवा, सुताचा, जो भातावरही बसे आणि पापण्यांवरही.

माझे वडील, अप्पा, लूमवर होते. त्यांचे डोळे म्हणजे शेडमध्ये बोलण्याचा विषय होता. तुटलेला धागा ते चार लूम पलीकडून ओळखत. शेडचा मालक गुजराती, तो नवा माल आला की आधी अप्पांना हाक मारी, "अप्पाभाई, जरा नजर नाखो." अप्पा कापड उजेडाकडे धरायचे, एकच क्षण, आणि बोट ठेवायचे. दोष तिथे असेच. गुजराती अक्षरं त्यांनी दुकानांच्या पाट्यांवरून उचलली होती. रविवारी मला खांद्यावर घेऊन ते बाजारात फिरायचे आणि पाट्या वाचून दाखवायचे, घारीचं दुकान, घड्याळाचं दुकान, दातांचा डॉक्टर. मी मोठी झाले, खांद्यावरून उतरले, तरी पाट्यांचा खेळ चालूच होता. कोण आधी लांबची पाटी वाचतं. मी कधीच जिंकले नाही.

शनिवारी संध्याकाळी अप्पा एक पोटली प्यायचे. पोटली म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून विकलेली दारू. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे दारू मिळत नव्हती असं नाही, फक्त कोण बनवतं, कशाची बनवतं, ते विचारायची सोय नव्हती. अप्पा पिऊन गोंधळ घालणाऱ्यातले नव्हते. प्यायले की गावाकडच्या मोहाच्या फुलांची गोष्ट सांगायचे, पहाटे झाडाखाली पडलेली फुलं कशी गोड लागायची ती. आई नाक मुरडून म्हणायची, "फुलंच खातस ना, मंग पानी कसाले पेतस?" ते हसायचे.

पोटली विकायचे अण्णा.

अण्णा अप्पांचे मोठे चुलतभाऊ. भाऊकीतलं पहिलं घर सुरतेत त्यांनीच आणलं, आम्हाला खोली त्यांनीच बघून दिली, अप्पांना लूमवर त्यांनीच चिकटवलं. त्यांच्या घरात पितळी कड्यांचा झोपाळा, हिंचका, होता, तिथे बसून ते सगळ्यांचे तंटे सोडवायचे. पांढरं धोतर, कपाळाला अष्टगंध. पोटल्यांचा धंदा दुसऱ्या गल्लीत, दुसऱ्याच्या नावावर. घरी देवाधर्माशिवाय गोष्ट नाही. नाकाने कांदे सोलावेत तर अण्णांनीच. आणि श्रावणात सगळ्या भाऊकीची कानबाई त्यांच्याच घरी बसायची.

कानबाई आमची खानदेशाची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, सोमवारी तापीत जाते. नारळाला डोळे, नथ, दागिने, आणि मागे फुलांची आरास. पण सगळ्यात मोठी गोष्ट रोटाची, म्हणजे गव्हाच्या जाड पोळीची. रोटासाठी गहू मोजायचे ते भाऊकीतल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ, नाव घेऊन. अमक्याची मूठ, तमक्याची मूठ. नुकत्याच जन्मलेल्या मुलाचीसुद्धा. त्या गव्हाचे रोट भाऊकीनेच खायचे, बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही. बायकांची मूठ नसते. बायका फक्त मोजतात.

कानबाईआधी घर धुवायचं असतं. भिंती, भांडी, अंथरुणं, सगळं. भाऊकीतल्या सुना मिळून अण्णांचं घर धुवायच्या. तिथेच एके वर्षी आईला माळ्यावर गोधडीत गुंडाळलेल्या बाटल्या दिसल्या. दमणच्या, रंगीत लेबलाच्या, सीलबंद. म्हणजे अण्णाही प्यायचे, पण आपण विकतो ते नव्हे. आईने गोधडी होती तशी गुंडाळून ठेवली आणि घरी येऊन अप्पांना सांगितलं. अप्पा म्हणाले, "त्यास्नी मर्जी." तेव्हा तर मलाही त्यात हसण्यासारखंच वाटलं होतं.

मी नववीत होते, आषाढ होता. रविवारी दुपारी अप्पा जेवायला उठले ते भिंत धरून. पोटात मुरडा होता, त्याची त्यांना सवय होती. पण ते सारखे डोळे चोळत होते.

"डोयामा रुवा गया वाटस," ते म्हणाले. "समदं पांढरं दिखी ऱ्हायनं."

आईने पदराचं टोक ओलं करून त्यांचे डोळे पुसले. मी आत डोकावून पाहिलं. रुवा नव्हता. डोळे अगदी स्वच्छ होते, फक्त बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या आणि माझ्याकडे पाहत नव्हत्या.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यातला गुजराती डॉक्टर भला माणूस होता. त्याने डोळ्यांत बॅटरी मारली, काल काय घेतलं ते विचारलं, आणि त्याचा चेहरा पडला. "बेन, मोटी हॉस्पिटल लई जाव, हमणां ज," तो म्हणाला. मग दार लोटून घेत हळू आवाजात, "रस्तामां मोडुं थशे. कोईनी पासे सारो दारू होय, बाटलीनो, तो पहेलां ए पिवडावो." वाटेत उशीर होईल, म्हणून चांगली, बाटलीतली दारू कुणाकडे असेल तर आधी ती पाजा. आईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं.

आज मी हे फळ्यावर काढून दाखवते. मिथेनॉल स्वतः तितकं घातक नसतं. आपल्या यकृतात एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, ते त्याला हात घालतं आणि त्याचं फॉर्मिक आम्ल होतं, मुंगीच्या डंखात असतं तेच. ते आम्ल डोळ्याच्या नसेला जाऊन भिडतं. पण त्याच विकरापुढे इथेनॉल ठेवलं, तर ते आधी इथेनॉलकडे वळतं. दारात पाहुणा आणि भिकारी एकदम आले तर यजमान पाहुण्याकडे वळतो तसं. ते तिकडे गुंतलेलं असताना मिथेनॉल गुपचूप लघवीवाटे निघून जातं. विषाला उतारा म्हणून दारू. वेळेवर दिली तर. मुलं हे वहीत उतरवून घेतात. परीक्षेत येत नाही, तरी मी शिकवते.

आईने अप्पांना दवाखान्याच्या बाकावर बसवलं आणि मला घेऊन ती अण्णांच्या घरी धावली. आमच्यात सून जेठाशी, नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, समोरासमोर बोलत नाही. डोक्यावर पदर घेऊन दाराआडून जेठाणीला सांगायचं, जेठाणीने जेठाला. त्या दिवशी आई उंबऱ्यावर उभी राहिली आणि हिंचक्यावरच्या अण्णांकडे बघून बोलली. तिच्या डोक्यावरचा पदर घसरला होता.

"त्यास्ले डोयानी काही दिसत नही. डाक्तर म्हने चांगली दारू पाजा. वर गोधडीमा गुंडायेल शे, त्यातली एक बाटली द्या."

अण्णांनी हिंचका थांबवला नाही. कड्यांची करकर चालूच राहिली.

"आमना घरमा दारू?" ते म्हणाले. "ह्या घरमा कानबाई बठस, इतलं तरी ध्यानमा ठेव."

"मी मना डोयानी दखेल शे."

"तुले भास व्हयना व्हई. त्याले घरी ली जा, लिंबूपानी दे."

आई खाली बसली. तिने उंबऱ्यावर डोकं टेकवलं, देवळात टेकवतात तसं. जेठाणी माळ्याच्या शिडीकडे बघत होत्या. त्यांनी एक पाऊल उचललंही. अण्णा एवढंच म्हणाले, "पोलीस इचारतीन, कोठून आनी. मंग काय सांगशी?" त्या पावलावरच जेठाणी थांबल्या. त्यांना मी फार दोष देत नाही. अण्णांना देते. माळा हाताच्या अंतरावर होता, शिडी लावलेली होती. तो माणूस एक बाटली वाचवत होता आणि पोटलीचा धंदा वाचवत होता, आणि आपल्या भावाचे डोळे जाताहेत हे त्याला अगदी नीट कळत होतं, कारण काल पोटलीत काय भरलं ते त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मिलच्या रंगखात्यातून आलेल्या ड्रममधलं. कारखान्यांसाठीचं. पिऊ नये म्हणूनच ड्रमवर कवटी काढतात ते.

मोठ्या हॉस्पिटलात गर्दी होती. केसपेपर, पोलिसांचे प्रश्न, स्ट्रेचर नाही. तिथे शेवटी त्यांनी अप्पांना नळीतून तेच दिलं, जे अण्णांच्या माळ्यावर गोधडीत होतं. जीव वाचला. डोळे गेले. त्या दिवशी आजारी पडलेले आणखीही होते. त्यांच्या घरच्यांनी आपापला राग धरावा, मी माझाच सांगते आहे.

पोलिसांना अप्पांनी नाव सांगितलं नाही. अनोळखी माणसाकडून घेतली, म्हणाले. आई खाटेशेजारी दात आवळून उभी होती. पोलीस गेल्यावर अप्पा म्हणाले, "भाऊकी शे. घरनी गोट घरमाच ऱ्हावाले पाहिजे." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मला त्या दिवशी अप्पांचा जेवढा राग आला तेवढा अण्णांचाही आला नव्हता.

"घरनी गोट घरमाच" हे शब्द आईने बरोबर घरी आणले.

श्रावणातला तो रविवार. अण्णांच्या घरी आरास, उदबत्त्या, कण्हेरीच्या फुलांचा ढीग, तळणाचा वास. गहू मोजायचा मान सुनांत फिरता होता, आणि त्या वर्षी तो आईचा होता. काहींना वाटलं ती येणार नाही. ती आली. नऊवारी नेसून, अप्पांचा हात धरून, त्यांना भिंतीशी बसवून तिने सुपात गहू घेतले. सगळ्या बायका भोवती, पुरुष ओट्यावर.

भाऊकीत मान वडीलधाऱ्याचा, म्हणून पहिली मूठ अण्णांची असते. आईने पहिली मूठ अप्पांच्या नावाने टाकली. मग अप्पांच्या धाकट्या भावांच्या, मग पुतण्यांच्या, मग अण्णांच्या मुलांच्या, अण्णांच्या पाळण्यातल्या नातवाचीसुद्धा, एकेक नाव स्पष्ट घेऊन. गहू फडक्यावर पडायचा तो आवाज मला अजून ऐकू येतो, कोरडा, दाट. शेवटी तिने फडक्याची टोकं उचलली.

"वं माय," एक म्हातारी म्हणाली, "अन्नानी मूठ ऱ्हायनी ना."

"नही ऱ्हायनी," आई म्हणाली. "मी बराबर मोजी."

आणि तिने गाठ मारली. गाठ मारल्यावर गव्हात पुन्हा हात घालत नाहीत, ही आमच्या भाऊकीची रीत. पुरुषांत मूठ नसते ती फक्त मेलेल्याची. ओट्यावरच्यांनी बोलायचं तर का म्हणून विचारावं लागलं असतं, आणि का ते सगळ्यांना ठाऊक होतं. अण्णा कपाळाचं अष्टगंध सांभाळत उभे होते. मी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुंदर सण.

त्या दिवशी अण्णांच्या घरात सगळ्यांनी रोट खाल्ला, अण्णांनी नाही. आणि ज्या घरच्या कर्त्याची मूठ नाही त्या घरी कानबाई कशी बसवायची, म्हणून पुढच्या वर्षी ती आमच्या खोलीत आली आणि गहू मोजायचा मानही आईकडेच राहिला. सोडलेली मूठ परत घालायची तर सोडणाऱ्याच घरच्या बाईच्या हाताने, हीदेखील रीतच. अण्णांनी माणसं पाठवली, जेठाणींना पाठवलं, एकदा साडी पाठवली. आईने साडी परत केली. अप्पांना तिने एवढंच सांगितलं की म्हातारीच्या मोजण्यात चूक झाली होती, आणि अण्णांना आता सण झेपत नाही म्हणून कानबाई आपल्याकडे. दर श्रावणात ती गहू मोजायची, आणि भिंतीशी बसलेले अप्पा विचारायचे, "अन्नानी मूठ मोजी ना?"

"मोजी," आई म्हणायची. डोळ्याची पापणी न लववता.

अप्पा मान हलवायचे आणि चांगले दोन घास जास्त रोट खायचे. मला वाटायचं, हा माणूस क्षमा करून बसला आहे आणि आई त्याला त्याच्या क्षमेसह फसवते आहे. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी तोवर कॉलेजात अल्कोहोलची प्रकरणं पाठ करत होते. प्रत्येक समीकरण लिहिताना मला तो हिंचका दिसायचा.

आई गेली. मी लग्न केलं नाही, आम्ही तिघंच होतो, दोघं उरलो. सूप माझ्याकडे आलं. अप्पांनी प्रश्न विचारला, मी "मोजी" म्हटलं. खोटं बोलणं मला आईइतकं सहज जमलं याचं मला बरंच वाटलं.

गेल्या श्रावणात अण्णा स्वतः आले. दोन नातवांनी धरून आणलेले, वाकलेले, दातांशिवायचे. अष्टगंध होतंच, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. माझं मोजून झालं होतं, गाठ मारायची बाकी होती. ते दारात चौकट धरून उभे राहिले.

"पोरी," ते म्हणाले, "मना आते काही भरोसा नही. मरानी पहिले एक डाव मनी मूठ टाक. इतला सालमा तुनी मायनी टाकीच नही."

झालं. इतक्या वर्षांचं खोटं अप्पांच्या कानावर पडलं. खोलीतल्या बायका अप्पांकडे पाहायला लागल्या. मीही. मला वाटलं, आता ते म्हणणार, टाक, पोरी, भाऊकी शे. आणि त्यांनी म्हटलं असतं तर मला टाकावी लागली असती, कारण डोळे त्यांचे गेले होते, माझे नाही. माझी मूठ सुपातल्या गव्हातच होती. ती मी उघडली नाही.

अप्पांनी दाराकडे तोंड वळवलं. ज्यांच्या हाकेवर ते गाव सोडून सुरतेला आले, त्यांचा आवाज अप्पांना शंभरांत ओळखू आला असता.

"कोन शे?" ते म्हणाले.

"मी रे. अन्ना."

"कोन?"

"अन्ना. तुना भाऊ."

"माले दिसत नही, बापा," अप्पा म्हणाले, अगदी शांतपणे, वाट चुकलेल्या माणसाला सांगावं तसं. मग माझ्या दिशेने हात करून, "बांध वं, पोरी."

मी गाठ मारली. नातवांनी अण्णांना वळवलं. पायरी उतरताना त्यांना वेळ लागला, आणि ओळीतली सगळी दारं उघडी होती.

संध्याकाळी अप्पांच्या ताटात रोट वाढताना मी म्हटलं, "तुम्हले माहीत नव्हतं ना?"

"तुनी माय मोजे तवय मी कान देई बठे," ते म्हणाले. "पहिला सालपासून. एक मूठ कमीच पडे."

"मंग दर सालले इचारेत कसाले?"

त्यांनी रोटाचा तुकडा मोडला, दुधात बुडवला, सावकाश चावला.

"ती 'मोजी' म्हने ना," अप्पा म्हणाले, "ते आयकाले माले बरं वाटे."